शाळेसमोरचा रस्ता

दुपारचे साडेबारा वाजतात. सकाळच्या शाळेची शेवटची घंटा होते. दप्तरे पाठीला लावून मुले-मुली फाटकाकडे धावतात. फाटकाबाहेर काय असते, ते तुम्ही रोज पाहता. मुलांना न्यायला आलेल्या रिक्षा उभ्या असतात. त्यांच्या पुढेमागे पालकांच्या स्कूटर आणि मोटारसायकली असतात. एका कडेला कुल्फीची गाडी असते. समोरच्या इमारतीतल्या लोकांनी आपल्या मोटारी आदल्या रात्रीपासून तिथेच लावलेल्या असतात. पदपथ असलाच, तर त्यावर कोणीतरी टेम्पो चढवून ठेवलेला असतो. या सगळ्यांतून वाट काढत मुले रस्त्याच्या मध्यावर येतात आणि त्याच वेळी समोरून बस येते.

अशा वेळी आपण म्हणतो, "आमच्या शाळेचा रस्ता फार अरुंद आहे." पण एखाद्या रविवारी पहाटे त्याच रस्त्यावर जाऊन पाहा. तो तितका अरुंद नसतो. त्याची एक बाजू उभ्या वाहनांनी घेतलेली असते आणि दुसरी बाजूही उभ्या वाहनांनीच घेतलेली असते. मध्ये जो पट्टा उरतो, त्यालाच आपण रस्ता म्हणतो.

धावणारे वाहन धोक्याचे असते, हे लहान मूलही जाणते. उभे वाहन मात्र कोणाला धोक्याचे वाटत नाही. ते तर हलतही नाही! पण शाळेजवळच्या कितीतरी अपघातांत या न हलणाऱ्या वाहनाचाच हात असतो. तो कसा, ते पाहू.

तिसरीत शिकणाऱ्या मुलाची उंची साधारण सव्वाशे सेंटीमीटर असते. साध्या मोटारीची उंची सुमारे दीडशे सेंटीमीटर असते. जीप आणि टेम्पो त्याहून उंच असतात. दोन उभ्या गाड्यांच्या मधून रस्ता ओलांडणारे हे मूल येणाऱ्या चालकाला दिसतच नाही. मुलालाही येणारी गाडी दिसत नाही. ती पाहण्यासाठी त्याला दोन पावले पुढे यावे लागते. म्हणजे ज्या जागी धोका आहे, तिथे येऊनच त्याला धोका आहे की नाही ते कळते. मोठी माणसे गाडीच्या टपावरून पलीकडे पाहू शकतात. म्हणून ही अडचण त्यांच्या लक्षात येत नाही.

आता थोडे गणित करू. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे १४ मीटर पुढे जाते. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात ८ मीटरांपेक्षा थोडी जास्त पुढे जाते. समोर अचानक काही आले, तर ते पाहून ब्रेकवर पाय ठेवायला सावध चालकालाही एक सेकंद तरी लागतो. ब्रेक दाबल्यावरही गाडी लगेच थांबत नाही. रस्ता कोरडा आणि चांगला असेल, तर ३० च्या वेगाची गाडी आणखी ५ मीटर जाऊन थांबते. म्हणजे एकूण १३ मीटर झाले.

समजा, चेंडूमागे धावणारी एक मुलगी गाडीपुढे १४ मीटरांवर आली. ३० च्या वेगाने येणारी गाडी तिच्या अलीकडेच थांबेल. मुलगी घाबरेल, चालक रागावेल, पण दोघेही घरी जातील. ५० च्या वेगाने येणाऱ्या गाडीचे काय होईल? तिच्या चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतच १४ मीटर संपलेले असतील. गाडीचा वेग कमी व्हायला सुरुवातही झालेली नसेल. दोन गाड्यांच्या वेगांत फरक फक्त २० किलोमीटरांचा आहे. त्या मुलीसाठी मात्र तेवढाच फरक सर्व काही आहे.

म्हणूनच शाळेजवळच्या रस्त्याचा विचार करताना दोन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. वाहने किती वेगाने जातात ही पहिली, आणि वाहने कुठे उभी राहतात ही दुसरी. पहिलीबद्दल सगळे बोलतात. दुसरीबद्दल बोलायला कोणी तयार नसते, कारण ती थेट आपल्या दारात येते.

आपल्या देशात याबद्दल नियम नाही, असे समजू नका. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा आहे. त्याखाली १९८९ मध्ये रस्त्यावरील वाहतुकीचे नियम केले गेले. पदपथावर, पादचाऱ्यांच्या पट्ट्यांजवळ, बस थांब्याजवळ, तसेच शाळेच्या आणि रुग्णालयाच्या प्रवेशद्वाराजवळ वाहन उभे करू नये, असे त्यांत लिहिलेले होते. २०१७ मध्ये त्या नियमांच्या जागी नवे नियम आले. मग शाळेच्या फाटकासमोर वाहने कशी उभी राहतात? याचे उत्तर सोपे आहे आणि अवघडही आहे. "इथे लावू नका," असे नियम सांगतो. "मग कुठे लावू?" असे माणूस विचारतो. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर गावाला आणि शहराला मिळून शोधावे लागते. ते शोधण्याची जागा म्हणजे नगरपालिका किंवा महानगरपालिका.

या प्रश्नाचे उत्तर शोधायला एका शहराला जवळजवळ पन्नास वर्षे लागली. ते शहर आपल्या देशात नाही, युरोपात आहे. पण तिथे या गोष्टीची सुरुवात मोठ्या माणसांइतकीच मुलांनीही केली. म्हणून ती तुम्हांला सांगावीशी वाटते.

नेदरलँड्स हा छोटा देश आज सायकलींसाठी जगभर प्रसिद्ध आहे. तिथले लोक पहिल्यापासून तसेच शहाणे होते, असे अनेकांना वाटते. तसे नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या देशात पैसा आला आणि पैशाबरोबर मोटारी आल्या. शहरातले चौक वाहनतळ झाले. जुने रस्ते गाड्यांनी भरून गेले. १९७१ या एका वर्षात त्या देशात तीन हजारांहून अधिक माणसे रस्त्यांवरील अपघातांत मरण पावली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. त्या वेळी देशाची लोकसंख्या होती सुमारे एक कोटी तीस लाख, म्हणजे आजच्या मुंबई शहराएवढीच. आपल्या मुंबईत एका वर्षात चारशे मुले रस्त्यावर गेली, अशी कल्पना करून पाहा.

त्या मुलांमध्ये एका पत्रकाराची सहा वर्षांची मुलगी होती. त्या पत्रकाराचे नाव फिक लांगेनहॉफ. १९७२ मध्ये त्यांनी आपल्या वर्तमानपत्रात एक लेख लिहिला. त्याचे शीर्षक होते, 'मुलांची हत्या थांबवा'. शीर्षक कठोर होते. अपघाताला हत्या कसे म्हणता येईल, असे कोणालाही वाटेल. पण जे दरवर्षी घडते, ज्याचे कारण ठाऊक आहे आणि जे थांबवता येते, त्याला केवळ अपघात म्हणणे लांगेनहॉफ यांना मान्य नव्हते. त्याच नावाची चळवळ देशभर उभी राहिली. मार्त्ये फान पुटेन नावाची एक तरुण आई तिची पहिली अध्यक्ष झाली. पुढे त्या युरोपच्या संसदेत निवडून गेल्या. चळवळीतले लोक अपघाताच्या जागी जमत. सायकलींचे मोर्चे काढत. एखादा रस्ता दिवसभर बंद करून तिथे मुलांना खेळू देत. रस्त्यात टेबले मांडून शेजारीपाजारी एकत्र जेवत. विशेष म्हणजे, या कामात पोलीसही त्यांना मदत करत.

अ‍ॅमस्टरडॅम शहरात डे पाइप नावाची एक जुनी वस्ती आहे. घरे एकमेकांना चिकटलेली, तीन-चार मजल्यांची, आणि मध्ये अरुंद रस्ते. तिथल्या कितीतरी रस्त्यांना चित्रकारांची नावे दिलेली आहेत. १९७२ मध्ये या वस्तीतल्या मुलांवरचा एक माहितीपट तिथल्या दूरचित्रवाणीवर दाखवला गेला. ही मुले प्राथमिक शाळेत शिकणारी होती. रस्त्याच्या दोन्ही कडांना मोटारी लागलेल्या असल्यामुळे त्यांना खेळायला कुठेच जागा नव्हती. घरोघर फिरून त्यांनी लोकांच्या सह्या गोळा केल्या. मग अडथळे लावून एक रस्ता खेळण्यासाठी बंद केला. काही चालक चिडले, गाडीतून उतरले आणि अडथळे दूर करू लागले. मोठ्या माणसांची आपसांत बाचाबाची झाली, धक्काबुक्कीही झाली. मुले बाजूला उभी राहून ते पाहत होती. आपला रस्ता आपल्याला हवा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. चालकांचे म्हणणेही तेच होते!

या भांडणाचा निकाल एका दिवसात लागणार नव्हता. तो लावायचा, तर रस्त्याची मांडणीच बदलायला हवी होती. हे काम डेल्फ्ट या गावात आधीच सुरू झाले होते. तिथल्या नगरपालिकेत योस्ट फाल नावाचे अभियंता होते. वस्तीतला रस्ता हा घराच्या अंगणासारखा असावा, असा विचार त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. पदपथ वेगळा आणि रस्ता वेगळा, असा भेदच त्यांनी काढून टाकला. सरळ रस्त्याला वळणे दिली. मध्ये झाडे लावली, बाके ठेवली. गाडी आत येऊ शकते, पण पाहुण्यासारखी, माणसाच्या चालीने. अशा रस्त्याला त्यांच्या भाषेत 'वोनएर्फ' म्हणतात. त्याचा अर्थ राहत्या घराचे अंगण असा होतो. १९७६ मध्ये त्या देशाच्या सरकारने वोनएर्फसाठी कायदेशीर नियम केले. त्यांतला एक नियम आपल्या विषयाशी जोडलेला आहे. अशा रस्त्यावर वाहन फक्त खूण केलेल्या जागीच उभे करायचे. खूण नाही, तिथे जागा रिकामी दिसली तरी ती वाहनाची नाही.

नियम एका ओळीचा आहे, पण तो किती उलटा आहे ते पाहा. आपल्याकडे जिथे 'मनाई' अशी पाटी नाही, तिथे गाडी लावायला हरकत नाही, असे आपण धरून चालतो. तिथे उलट ठरवले गेले. रस्ता आधी माणसांचा आहे. त्यातून मोटारीसाठी किती जागा द्यायची, ते मोजून द्यायचे.

डे पाइपच्या मोटारींचे पुढे काय झाले? त्या हवेत विरून गेल्या नाहीत. वस्तीच्या कडेने एक कालवा वाहतो. अ‍ॅमस्टरडॅमच्या नगरपालिकेने त्या कालव्याच्या पाण्याखाली मोठा वाहनतळ बांधला. तिथे सहाशे मोटारी राहतात. तो २०१८ मध्ये सुरू झाला. त्यानंतर वस्तीतल्या रस्त्यांवरच्या गाड्यांच्या शेकडो जागा काढून टाकण्यात आल्या. त्या ठिकाणी झाडे, सायकलींचे स्टँड आणि चालण्यासाठी मोकळी जागा आली. खर्च प्रचंड झाला, हे खरे. प्रत्येक गावाला असा वाहनतळ बांधता येणार नाही. पण 'मग कुठे लावू?' या प्रश्नाला नगरपालिकेने उत्तर दिले आणि मगच 'इथे लावू नका' असे सांगितले. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. २०२३ च्या डिसेंबरपासून त्या शहरातल्या बहुतेक रस्त्यांवर वेगाची मर्यादा ताशी ३० किलोमीटर करण्यात आली. आपण मघाशी केलेले गणित आठवते ना?

त्या वर्षी संपूर्ण नेदरलँड्समध्ये रस्त्यांवरील अपघातांत ६८४ माणसे मरण पावली. हा आकडाही लहान नाही. पण १९७१ पेक्षा आज तिथे माणसेही जास्त आहेत आणि मोटारीही कितीतरी जास्त आहेत.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या राज्यात रस्ता, पदपथ, गतिरोधक, झेब्रा पट्टे, दिवे ही कामे गावातल्या रस्त्यांपुरती नगरपालिकेची किंवा महानगरपालिकेची असतात. एखाद्या ठिकाणी वाहने उभी करू नयेत, असा आदेश काढण्याचा अधिकार मात्र मोठ्या शहरांत वाहतूक पोलिसांच्या अधिकाऱ्यांना आणि इतर ठिकाणी जिल्हाधिकाऱ्यांना असतो. म्हणजे रस्त्यावर पट्टा रंगवणारा हात एका कचेरीचा आणि गाडी उचलून नेणारा हात दुसऱ्या कचेरीचा! या दोन हातांची गाठ पडली नाही, तर पाटी लागते पण गाड्या हटत नाहीत, किंवा गाड्या उचलल्या जातात पण पाटीच नसते. पाटीवरून आणि दंडावरून लोकांची भांडणे होतात, त्यांचे एक कारण हेही आहे.

काही गावांत एक साधा उपाय केलेला दिसतो. सम तारखेला रस्त्याच्या एका बाजूला आणि विषम तारखेला दुसऱ्या बाजूला वाहने लावायची. त्यामुळे निदान एक कड मोकळी राहते. शाळेच्या फाटकासमोर मात्र हा उपाय अपुरा पडतो, कारण मुलांना दोन्ही तारखांना रस्ता ओलांडायचा असतो.

घरासमोरच्या रस्त्यावर गाडी लावण्याचा प्रश्न किती नाजूक असतो, ते पुणे शहरात दिसले. तिथल्या महानगरपालिकेने वाहने उभी करण्याबद्दल एक धोरण तयार केले. रात्री सार्वजनिक रस्त्यावर गाडी ठेवणाऱ्या रहिवाशांकडूनही शुल्क घ्यावे, असा विचार त्यात होता. त्याला जोरदार विरोध झाला. "घरात जागा नाही, म्हणून तर रस्त्यावर लावतो," असे लोकांचे म्हणणे होते. "रस्ता सर्वांचा आहे, मग एकाने तो रात्रभर फुकट का वापरावा?" असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे होते. मार्च २०१८ मध्ये महानगरपालिकेच्या सभेने धोरणाला मंजुरी दिली, पण ते आधी फक्त पाच रस्त्यांवर प्रयोग म्हणून राबवावे, असे ठरवले. रात्रीच्या शुल्काचा विचार मागे पडला. मला वाटते, दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते. पण त्या वादात तिसरी बाजू फारशी ऐकू आली नाही. ज्यांच्याकडे गाडी नाही आणि जे रोज पायी चालतात, त्यांची ती बाजू. शाळेत जाणारी बहुतेक मुले याच बाजूची असतात.

ही बाजू मांडायची, तर ती लिहून मांडावी लागते. इथे तुम्हांला एक सोय आहे. कचेरीच्या मराठीतले पुष्कळ शब्द तुमच्या घरातलेच आहेत. अर्ज, मंजूर, दाखल, जाहीर, दस्तऐवज हे शब्द तुम्ही लगेच ओळखाल. काही शब्दांनी मात्र मराठीत येऊन वेष बदलला आहे. उर्दूत 'हरकत' म्हणजे हालचाल. मराठीत 'हरकत घेणे' म्हणजे विरोध नोंदवणे. उर्दूत 'तकरार' म्हणजे वाद किंवा तेच तेच पुन्हा म्हणणे. मराठीत 'तक्रार' म्हणजे गाऱ्हाणे. उर्दू वाचायला शिकताना तुम्ही 'कायदा' हे पुस्तक वाचले. मराठीत 'कायदा' न्यायालयात चालतो. नगरपालिकेने वर्तमानपत्रात 'हरकती व सूचना' मागवल्या, तर गोंधळून जाऊ नका. तुमचे मत विचारले जात आहे, एवढाच त्याचा अर्थ.

चांगल्या अर्जात राग कमी आणि माहिती जास्त असते. "शाळेसमोर फार गर्दी असते," असे लिहिले, तर वाचणारा मान हलवील आणि कागद बाजूला ठेवील. म्हणून आधी मोजणी करा. शाळेच्या भिंतीच्या आत, सुरक्षित जागी उभे राहून दोन मुलांनी वही-पेन्सिल घेऊन आठवडाभर नोंद ठेवावी. फाटकाच्या दोन्ही बाजूंना वीस-वीस पावलांच्या आत किती वाहने उभी होती? त्यांतली किती मुलांना न्यायला आलेल्यांची, किती रहिवाशांची, किती दुकानांत माल उतरवणारी? घंटेच्या आधी पंधरा मिनिटे किती आणि नंतर पंधरा मिनिटे किती? ही मोजणी केली की एक गोष्ट बहुधा हाती येते आणि ती थोडी लाजवणारी असते. गर्दीतली निम्मी वाहने आपल्यालाच न्यायला आलेली असतात! रस्ता धोक्याचा म्हणून पालक मुलांना गाडीने आणतात आणि त्या गाड्यांमुळे रस्ता अधिक धोक्याचा होतो. त्यातल्या काही गाड्या शंभर पावले अलीकडे थांबल्या, तर त्यासाठी कोणाच्या मंजुरीची गरज नाही.

उरलेल्यासाठी अर्ज करावा. मुख्याध्यापकांच्या सहीने आणि पालकांच्या सह्यांनी तो जास्त वजनदार होतो. त्याला मोजणीचा तक्ता आणि हाताने काढलेला साधा नकाशा जोडावा. नकाशात फाटक, झेब्रा पट्टे हवेत ती जागा, गतिरोधक हवा ती जागा आणि रहिवाशांच्या वाहनांसाठी सुचवलेली दुसरी जागा दाखवावी. ही शेवटची गोष्ट विसरू नये. समोरच्या इमारतीतल्या लोकांना आधी भेटून विचारले, तर ती जागा तेच सुचवतात. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात. एक नगरपालिकेत द्यावी आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेऊन ती शाळेच्या दप्तरात ठेवावी. वाहतूक पोलिसांसाठीही तसाच दुसरा अर्ज करावा. महिनाभराने विचारायला जाताना तोच क्रमांक सांगावा लागतो.